राज्यस्थापनेची शताब्दी : ओक्लाहोमाचा अनुभव

एखाद्या राज्याच्या स्थापनेला शंभर वर्षे पूर्ण होतात तेव्हा त्या घटनेचे साक्षीदार जवळजवळ कोणीच हयात नसतात, आणि म्हणूनच शताब्दीचा उत्सव सुवर्णमहोत्सवाहून मुळातच वेगळ्या स्वरूपाचा असतो. पन्नासाव्या वर्षी ज्यांनी राज्य घडवले, किंवा निदान ते घडताना पाहिले, अशी माणसे व्यासपीठावर बसलेली असतात आणि त्यांच्या आठवणींना पुराव्याचे मोल असते. शंभराव्या वर्षी मात्र कागदपत्रे, वास्तू, स्मारके आणि घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या हकिकती यांच्या आधारे समाजाला स्वतःची कथा नव्याने जुळवावी लागते. ही कथा कोणी सांगायची, तिच्यात कोणाला स्थान द्यायचे आणि तिच्यातील दुःखद प्रकरणांचे काय करायचे, हे प्रश्न मिरवणुकीचा मार्ग ठरवण्याच्या कितीतरी आधी उभे राहतात. शताब्दीचे नियोजन हे अशा अर्थाने इतिहासलेखनाचेच एक सार्वजनिक रूप आहे.

या विषयाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील राज्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडतो, कारण तेथे प्रत्येक राज्याची जन्मतारीख वेगळी आहे आणि अनेक राज्यांनी आपली शताब्दी सरकारी आयोग नेमून साजरी केली आहे. त्यांतील ओक्लाहोमा या राज्याचे उदाहरण सर्वांत बोलके म्हणावे लागेल. १६ नोव्हेंबर २००७ रोजी शंभर वर्षे पूर्ण केलेल्या या राज्याने भव्य उत्सव केला, टिकाऊ कामे उभी केली, आणि त्याच दिवशी आपल्याच राजधानीत निषेधाचा मोर्चाही पाहिला.

राज्य होण्याची अमेरिकी रीत

अमेरिकेच्या संघराज्यात आरंभी १३ राज्ये होती आणि १९५९ पर्यंत त्यांत आणखी ३७ राज्यांची भर पडली. या भरतीचा एक ठरलेला क्रम होता. नवा प्रदेश प्रथम केंद्र सरकारच्या अखत्यारीत असे. त्याला तेथे ‘टेरिटरी’ म्हणतात आणि त्याचा गव्हर्नर तेथील जनता निवडत नसे, तर राष्ट्राध्यक्ष नेमत असत. वस्ती वाढली आणि राज्याच्या दर्जाची मागणी जोर धरू लागली की काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, त्या प्रदेशाला स्वतःची राज्यघटना तयार करण्याची मुभा देणारा कायदा करी. भारतात संसदेच्या कायद्याने राज्य निर्माण होते आणि घटकराज्याला स्वतंत्र राज्यघटना नसते. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते आणि ती तेथील मतदारांनी मंजूर केल्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने राज्य अस्तित्वात येई. राष्ट्रध्वजावर एक तारा वाढे, सिनेटमध्ये दोन जागा मिळत आणि केंद्राच्या ताब्यातील प्रदेश इतर राज्यांच्या बरोबरीला येई. स्थापनेच्या तारखेभोवती तेथे जो अभिमान दाटलेला दिसतो त्याचे मूळ या बरोबरीत आहे.

दोन प्रदेशांचे एक राज्य

ओक्लाहोमाचा इतिहास मात्र या सरळ क्रमात बसत नाही. १८३० साली अमेरिकी काँग्रेसने मूलनिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलवण्याचा कायदा केला आणि चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक व सेमिनोल या आग्नेय भागातील पाच राष्ट्रांना त्यांच्या पिढीजात भूमीतून उठवून आजच्या ओक्लाहोमात आणण्यात आले. १८३८-३९ च्या हिवाळ्यातील चेरोकींच्या सक्तीच्या स्थलांतरात सुमारे ४,००० माणसे मृत्युमुखी पडली असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो, आणि ती वाट ‘अश्रूंची वाट’ या नावाने इतिहासात नोंदली गेली आहे. नव्या भूमीवरील त्यांचा हक्क कायम राहील अशी हमी करारांनी दिली होती. या प्रदेशाला ‘इंडियन टेरिटरी’ असे नाव पडले. तेथे या राष्ट्रांनी आपापली शासने, न्यायालये, शाळा आणि वृत्तपत्रे उभारली. चेरोकी भाषेसाठी सिक्वोया या विद्वानाने १८२१ च्या सुमारास सिद्ध केलेल्या लिपीत छपाईही होत होती.

ही हमी टिकली नाही. यादवी युद्धानंतरच्या १८६६ च्या करारांनी क्रीक आणि सेमिनोल राष्ट्रांकडून काढून घेतलेली मध्यभागातील सुमारे २० लाख एकर जमीन २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बाराच्या ठोक्याला वसाहतकऱ्यांसाठी खुली करण्यात आली. घोड्यांवरून, गाड्यांतून आणि रेल्वेने आलेल्या सुमारे ५०,००० लोकांनी सीमारेषेवरून धाव घेतली, जो आधी पोहोचेल आणि खूण रोवेल त्याची जमीन असा नियम होता, आणि त्या एका दिवसात गथ्री व ओक्लाहोमा सिटी ही हजारोंच्या वस्तीची तंबूंची शहरे उभी राहिली. ‘लँड रन’, म्हणजे जमिनीसाठीची शर्यत, ही घटना पुढे राज्याच्या लोकस्मृतीत साहसाचे प्रतीक बनली. १८९० मध्ये पश्चिमेकडील भागाला ‘ओक्लाहोमा टेरिटरी’चा दर्जा मिळाला आणि पूर्वेकडे इंडियन टेरिटरी उरली. तेथेही १८९३ मध्ये नेमलेल्या डॉज आयोगाने आणि १८९८ च्या कर्टिस कायद्याने सामुदायिक मालकीची जमीन व्यक्तिशः वाटून टाकली व जमातींची न्यायालये मोडीत काढली.

पूर्वेकडील मूलनिवासी नेत्यांनी यावर स्वतःचा पर्याय पुढे ठेवला. १९०५ च्या ऑगस्टमध्ये मस्कोगी येथे घटना परिषद भरली. क्रीक राष्ट्राचे प्रमुख प्लेझंट पोर्टर तिचे अध्यक्ष आणि कवी-पत्रकार अलेक्झांडर पोझी तिचे सचिव होते. इंडियन टेरिटरीचे ‘सिक्वोया’ नावाचे स्वतंत्र राज्य व्हावे अशी घटना या परिषदेने तयार केली, आणि नोव्हेंबरमध्ये झालेल्या मतदानात ५६,२७९ मते बाजूने व ९,०७३ विरोधात पडली. एवढा स्पष्ट कौल असूनही काँग्रेसने तो प्रस्ताव विचारात घेतला नाही. पश्चिमेकडून दोन नवी राज्ये घेण्याची तिची तयारी नव्हती, त्यामागे पक्षीय बलाबलाचे गणित होते, आणि १९०६ च्या कायद्याने दोन्ही प्रदेशांचे मिळून एकच राज्य करण्याचे ठरले. मस्कोगीच्या परिषदेत राज्यघटना लिहिण्याचा अनुभव मिळवलेले विल्यम मरे आणि चार्ल्स हॅस्केल हे नेते एकत्रित राज्यासाठी गथ्रीत भरलेल्या घटना परिषदेतही अग्रभागी राहिले, आणि हॅस्केल नव्या राज्याचे पहिले गव्हर्नर झाले.

१६ नोव्हेंबर १९०७ च्या सकाळी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी घोषणेवर सही केली, तारेने बातमी पोहोचली आणि ओक्लाहोमा हे संघराज्यातील ४६ वे राज्य झाले. त्या वेळी तेथील लोकसंख्या १४ लाखांवर होती. गथ्रीच्या कार्नेगी वाचनालयाच्या पायऱ्यांवर त्याच दिवशी एक प्रतीकात्मक विवाह लावण्यात आला, ज्यात ओक्लाहोमा टेरिटरी हा वर आणि इंडियन टेरिटरी ही वधू होती. प्रत्यक्षात वधूपक्षाने दोनच वर्षांपूर्वी मतपेटीतून वेगळे उत्तर दिले होते. नव्या विधिमंडळाच्या सिनेटमधील पहिलेच विधेयक कृष्णवर्णीयांसाठी रेल्वेचे वेगळे डबे सक्तीचे करणारे होते, आणि ते ज्यांच्यावर लादले गेले त्यांनी याच भूमीत स्वातंत्र्याच्या आशेने पन्नासहून अधिक स्वतंत्र गावे वसवलेली होती. एकाच तारखेचा अर्थ तीन समाजांसाठी तीन प्रकारचा होता, आणि शताब्दी साजरी करू पाहणाऱ्यांना हे तिन्ही अर्थ वारशात मिळाले होते.

शताब्दीची आखणी

१९५७ सालच्या सुवर्णमहोत्सवात या गुंतागुंतीला फारशी जागा नव्हती. ‘बाणापासून अणूपर्यंत’ अशा आशयाचे घोषवाक्य घेऊन ओक्लाहोमा सिटीत मोठे प्रदर्शन भरवण्यात आले आणि त्याचे सारे लक्ष भविष्याकडे, यंत्रयुगाकडे आणि अणुशक्तीकडे होते. त्यात बाण भूतकाळात जमा झाला होता; बाण ज्यांचे होते ते लोक मात्र त्याच राज्यात राहत होते.

२००७ ची तयारी बरीच आधी सुरू झाली. विधिमंडळाने विधानभवन परिसर आणि शताब्दी समारंभ यांसाठी एक आयोग कायद्याने स्थापन केला, आणि त्याच्यामार्फत राज्यभर शेकडो प्रकल्प व कार्यक्रम आखले गेले. अशा आयोगाची कामे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात समारंभ येतात, म्हणजे मिरवणुका, संगीताचे कार्यक्रम आणि जुन्या प्रसंगांची पुनरावृत्ती. दुसऱ्या प्रकारात राज्याची ओळख बाहेर पोहोचवणाऱ्या गोष्टी येतात, जसे टपाल तिकीट, नाणे आणि राष्ट्रीय समारंभातील चित्ररथ. तिसऱ्या प्रकारातील कामांना तेथे ‘वारसा प्रकल्प’ म्हटले जाते आणि उत्सव संपल्यावर जे मागे उरावे असे वाटते ते त्यांत मोडते. ओक्लाहोमाने तिन्ही प्रकार मनापासून हाताळले. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसडिना येथील प्रसिद्ध रोझ परेडमध्ये राज्याचा चित्ररथ होता, त्याच महिन्यात टपाल खात्याने शताब्दीचे तिकीट काढले, आणि राज्यांच्या प्रवेशक्रमानुसार निघणाऱ्या पाव डॉलरच्या नाण्यांच्या मालिकेत २००८ मध्ये ओक्लाहोमाची पाळी आली तेव्हा राज्यपक्षी असलेला, कात्रीसारख्या लांब शेपटीचा फ्लायकॅचर आणि रानफुले त्या नाण्यावर उमटली. शताब्दीच्या दिवशी सकाळी गथ्रीत १९०७ च्या प्रसंगांची पुनरावृत्ती झाली आणि संध्याकाळी ओक्लाहोमा सिटीत राज्यात जन्मलेल्या नामवंत कलावंतांचा भव्य कार्यक्रम झाला.

टिकाऊ कामांत सर्वांत लक्षवेधी काम विधानभवनाच्या घुमटाचे ठरले. १९१४ ते १९१७ या काळात बांधल्या गेलेल्या या इमारतीच्या मूळ आराखड्यात घुमट होता, परंतु खर्चाच्या कारणाने तो वगळण्यात आला आणि पाऊणशेहून अधिक वर्षे विधानभवन घुमटाविनाच राहिले. शताब्दीच्या तयारीचा भाग म्हणून सुमारे २ कोटी १० लाख डॉलर खर्चून तो पूर्ण करण्यात आला आणि शताब्दीला नेमकी पाच वर्षे उरली असताना, १६ नोव्हेंबर २००२ रोजी, त्याचे लोकार्पण झाले. घुमटाच्या शिखरावर ‘द गार्डियन’, म्हणजे रक्षक, या नावाचा मूलनिवासी योद्ध्याचा सतरा फुटांहून उंच कांस्यपुतळा आहे. हातातील भाला आपल्याच वस्त्रातून जमिनीत रोवून, ही जागा सोडणार नाही असा निर्धार तो व्यक्त करतो. त्याचे शिल्पकार इनॉक केली हॅनी हे सेमिनोल आणि क्रीक वंशाचे असून त्या वेळी राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. राज्याच्या सर्वोच्च वास्तूवर मूलनिवासी कलावंताच्या हातचे मूलनिवासी रूप विराजमान व्हावे, ही गोष्ट १९०७ च्या प्रतीकात्मक विवाहापेक्षा निश्चितच पुढची होती.

ज्ञानाच्या क्षेत्रातील कामे तितकी डोळ्यांत भरत नाहीत, पण त्यांचा उपयोग अधिक दीर्घ असतो. राज्याच्या इतिहास संस्थेचे नवे संग्रहालय व संशोधन केंद्र २००५ च्या नोव्हेंबरमध्ये खुले झाले, आणि शताब्दीच्या निमित्ताने तिने राज्याच्या इतिहास-संस्कृतीचा कोश सिद्ध केला, ज्यात सुमारे अडीच हजार नोंदी आहेत. या कोशात शर्यतीतील वसाहतकरी, तेलविहिरी, कृष्णवर्णीयांची गावे, जमातींची शासने आणि सिक्वोया राज्याची फसलेली चळवळ अशा सर्वांना स्वतंत्र नोंदी मिळाल्या. उत्सवाच्या भाषणात जे सांगायला वेळ नसतो ते कोशात बसते, आणि ते कोणत्याही शाळकरी मुलाला केव्हाही वाचता येते.

जमिनीत पुरलेले दोन ठेवे

पुढील पिढीसाठी वस्तू जमिनीत पुरून ठेवण्याची प्रथा शताब्दीच्या नियोजनात नेहमी आढळते. अशा बंदिस्त ठेव्याला कालकुपी म्हणतात आणि ओक्लाहोमातील दोन कालकुप्यांची तुलना उद्बोधक आहे.

पहिली टल्सा शहरातील. १९५७ च्या सुवर्णमहोत्सवात तेथील न्यायालयासमोरच्या हिरवळीखाली काँक्रीटच्या कोठडीत प्लिमथ बेल्व्हेडिअर जातीची कोरी मोटार पुरण्यात आली. २००७ मध्ये शहराची लोकसंख्या किती असेल याचा सर्वांत अचूक अंदाज करणाऱ्याला ती मिळणार होती. पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल की नाही या शंकेने तेही सोबत ठेवलेले होते. १५ जून २००७ रोजी मोठ्या जनसमुदायासमोर मोटार वर काढली गेली तेव्हा कोठडीत पाणी शिरून ती गंजून गेलेली आढळली. तिच्याशेजारी पुरलेल्या, वितळजोड करून पूर्ण बंद केलेल्या पोलादी पेटीतील कागदपत्रे व ध्वज मात्र उत्तम स्थितीत निघाले.

दुसरी कालकुपी ओक्लाहोमा सिटीतील एका लुथेरन चर्चमधील महिलांनी २२ एप्रिल १९१३ रोजी तळघरात पुरली होती. तिला ‘शतकाची पेटी’ म्हणत आणि ती शंभर वर्षांनी उघडावी असे ठरले होते. २०१३ मध्ये ती उघडली तेव्हा पत्रे, वृत्तपत्रे, छायाचित्रे, वस्त्रे, यंत्रे आणि ध्वनिमुद्रणे जवळजवळ नवीच असल्यासारखी निघाली आणि राज्याच्या इतिहास संग्रहालयाला एक अमोल संग्रह लाभला. टल्साच्या मोटारीला पैसा आणि प्रसिद्धी भरपूर लाभली होती, तर चर्चमधील महिलांनी आपले लक्ष पेटी कोरडी राहण्यावर आणि तिच्यात रोजच्या जगण्याचे पुरावे येण्यावर केंद्रित केले होते. शताब्दीच्या नियोजकांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे: जतन हे तंत्र आहे, त्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला लागतो, आणि दिखाऊ वस्तूपेक्षा सामान्य माणसाच्या हातचे पत्र इतिहासाला अधिक उपयोगी ठरते.

उत्सवाच्या दिवशीचा मोर्चा

१६ नोव्हेंबर २००७ रोजी समारंभ चालू असतानाच मूलनिवासी समाजातील शेकडो लोकांनी विधानभवनावर मोर्चा नेला. राज्याची स्थापना म्हणजे आपल्या राष्ट्रांच्या जमिनीची आणि स्वशासनाची लूट होती, तिचा उत्सव आपण कसा करावा, असा त्यांचा प्रश्न होता. सर्व मूलनिवासी या मताचे होते असे मात्र नाही. अनेकांनी आणि काही जमातींच्या शासनांनी शताब्दीच्या कार्यक्रमांत भाग घेतला, आपली कला व भाषा मांडली, आणि सामील होऊनच आपली बाजू सांगता येईल असे मानले. दोन्ही भूमिका प्रामाणिक होत्या, आणि दोन्ही एकाच दिवशी एकाच शहरात दिसल्या हे त्या राज्याच्या इतिहासाशी सुसंगतच होते.

मोर्चेकऱ्यांच्या म्हणण्याला भक्कम आधार होता. ओक्लाहोमाच्याच इतिहासकार अँजी डेबो यांनी राज्यस्थापनेच्या आसपास जमिनीचे वाटप झाल्यावर खोटे पालकत्व, फसवी खरेदीखते आणि न्यायालयांची साथ यांच्या साहाय्याने मूलनिवासींना कसे नागवण्यात आले, हे १९३० च्या दशकात कागदोपत्री पुराव्यांनिशी सिद्ध केले होते. दोषींपैकी अनेक जण त्या वेळी राज्यात प्रतिष्ठित असल्यामुळे राज्यातील विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने त्यांचा ग्रंथ छापण्याचे टाळले आणि तो १९४० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध झाला. १९८५ मध्ये याच डेबोंचे तैलचित्र विधानभवनात लावण्यात आले. सत्य सांगणाऱ्या संशोधकाचा सन्मान करायला राज्याला पंचेचाळीस वर्षे लागली, पण तो त्यांच्या हयातीत झाला.

कृष्णवर्णीयांच्या इतिहासाबाबतही असेच घडले. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी टल्सातील ग्रीनवुड ही त्यांची भरभराटीची वस्ती गोऱ्या जमावाने जाळली, शहराचे सुमारे ३५ चौक (ब्लॉक) बेचिराख झाले आणि मृतांचा आकडा ३०० पर्यंत गेला असावा असा अंदाज आहे. अनेक दशके शालेय पुस्तकांत याचा उल्लेख नव्हता. विधिमंडळाने १९९७ मध्ये चौकशी आयोग नेमला आणि २००१ मध्ये त्याचा अहवाल आला. म्हणजे शताब्दीचे ढोल वाजण्याआधीच राज्याने एका जखमेकडे अधिकृतपणे पाहण्यास प्रारंभ केला होता, आणि हा प्रारंभ कोणत्याही चित्ररथाहून मोलाचा होता.

राज्यस्थापनेने सर्व जुने हक्क मिटले, हा समजही पुढे चुकीचा ठरला. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅक्गर्ट खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की क्रीक राष्ट्राचे राखीव क्षेत्र काँग्रेसने कधीच कायद्याने रद्द केलेले नाही. हाच न्याय नंतर इतर राष्ट्रांच्या क्षेत्रांनाही लावण्यात आला, आणि पूर्व ओक्लाहोमातील मूलनिवासी आरोपींवर फौजदारी खटले चालवण्याचा राज्याचा अधिकार मोठ्या प्रमाणात संपुष्टात आला. २००७ मध्ये ज्या करारांचा उच्चार मोर्चात होत होता, ते तेरा वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर जिवंत ठरले. इतिहासाची बाजू न ऐकणे हे शताब्दीच्या नियोजकांना केवळ नैतिकदृष्ट्या नव्हे, तर व्यवहारदृष्ट्याही परवडणारे नसते, हे यावरून दिसते.

इतर राज्यांनी शोधलेल्या वाटा

ओक्लाहोमाच्या अठरा वर्षे आधी, १९८९ मध्ये, वायव्य किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्याने आपली शताब्दी साजरी केली. तेथे मूलनिवासींच्या सहभागाची जबाबदारी सांभाळणाऱ्या, क्विनॉल्ट राष्ट्राच्या एमेट ऑलिव्हर यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. किनाऱ्यावरील जमातींनी देवदाराच्या खोडातून कोरलेल्या पारंपरिक होड्या पुन्हा बनवाव्यात आणि त्या वल्हवत सिॲटलला यावे, अशी ती होती. अनेक गावांत कित्येक वर्षांत अशी होडी कोरली गेलेली नव्हती. योग्य झाडे मिळवण्यापासून कोरक्यांचे हात पुन्हा तयार करण्यापर्यंत सगळे नव्याने करावे लागले. १९८९ चा तो जलप्रवास एका समारंभापुरता राहिला नाही, तर त्यातून किनाऱ्यावरील जमातींच्या होडीयात्रांची परंपरा सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. त्याच वर्षी ४ ऑगस्टला गव्हर्नर बूथ गार्डनर आणि राज्यातील केंद्रमान्य जमाती यांच्यात ‘शताब्दी करार’ झाला, ज्याने राज्य आणि जमाती यांनी एकमेकांशी शासनाशी शासन या नात्याने वागावे असे ठरवले. मासेमारीच्या हक्कांवरून दीर्घकाळ न्यायालयीन संघर्ष झालेल्या राज्यात उत्सवाच्या निमित्ताने असा करार होणे, हे शताब्दीच्या आजवरच्या फलितांपैकी सर्वांत श्रेष्ठ फलित मानावे लागेल.

साउथ डकोटाचीही शताब्दी १९८९ मध्येच झाली. पुढच्या वर्षी वूंडेड नी येथील मूलनिवासींच्या हत्याकांडाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना गव्हर्नर जॉर्ज मिकलसन यांनी १९९० हे समेटाचे वर्ष म्हणून घोषित केले, आणि कोलंबसच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या सुट्टीच्या जागी मूलनिवासी दिन आला. अभिमानाच्या शताब्दीला जोडून दुःखाची शताब्दीही राज्याने स्वीकारली. हवाई या बेटांवर १८९३ पर्यंत स्वतंत्र राजसत्ता होती, ती उलथवली गेली, आणि म्हणून तेथील अनेकांना राज्याचा दर्जा हा आनंदाचा विषय वाटत नाही. २००९ मध्ये राज्यस्थापनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा तेथील शासनाने मोठ्या मिरवणुकीऐवजी पुढील पन्नास वर्षांचा विचार करणारी परिषद भरवली. आनंद आवरता घेणे हासुद्धा नियोजनातील सुज्ञपणाच असतो.

टिकाऊ शताब्दीच्या अटी

या अनुभवांतून काही निष्कर्ष ठामपणे काढता येतात. तयारी किमान दहा वर्षे आधी सुरू व्हावी लागते, कारण घुमट, कोश, संग्रहालय किंवा करार यांपैकी काहीही वर्षभरात उभे राहत नाही. ओक्लाहोमातील सर्व जमातींचे संग्रहालय याचा पुरावा आहे: त्याच्या बांधकामाला २००६ मध्ये आरंभ झाला, २०१२ मध्ये पैशाअभावी ते थांबले, आणि ३९ मूलनिवासी राष्ट्रांची कथा सांगणारे ते दालन अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये खुले झाले. शताब्दीपूर्वी ज्या कामाला पूर्ण निधी मिळायला हवा होता ते काम शताब्दीनंतर चौदा वर्षे रखडले. दुसरा निष्कर्ष असा की राज्यस्थापनेमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांना निमंत्रणपत्रिका पाठवून भागत नाही. आराखडा ठरवणाऱ्या समितीत त्यांना पहिल्या बैठकीपासून स्थान असावे लागते. वॉशिंग्टनमध्ये ते मिळाले आणि होड्या पाण्यात उतरल्या. जिथे ते अपुरे राहिले तिथे मोर्चे निघाले. तिसरे म्हणजे एकूण निधीचा मोठा वाटा ज्ञान, जतन आणि शाळा यांवर खर्च व्हावा, कारण आतषबाजीला दुसऱ्या दिवशी कोणीही वारस नसतो.

हा विचार मराठी वाचकांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. १ मे १९६० रोजी स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य २०६० मध्ये आणि ३० मे १९८७ रोजी राज्याचा दर्जा मिळालेला गोवा २०८७ मध्ये शताब्दी गाठेल. महाराष्ट्राच्या स्थापनेमागे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातील हुतात्म्यांचे बलिदान आहे, विदर्भ आणि मराठवाड्याला दिलेली आश्वासने आहेत, सीमाभागातील मराठी माणसांची अपुरी राहिलेली इच्छा आहे आणि धरणांसाठी व कारखान्यांसाठी गावे सोडलेल्यांचा इतिहासही आहे. राज्य होताच त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे त्याची धुरा सोपवणारे आणि विश्वकोशाचे काम हाती घेणारे राज्य टिकाऊ कामाचे महत्त्व जाणत होते. त्या आंदोलनात भाग घेतलेल्या पिढीतील फार थोडी माणसे आता उरली आहेत. त्यांच्या मुलाखती, घरोघरी पडून असलेली पत्रे व पत्रके, स्थानिक वृत्तपत्रांचे अंक आणि विस्थापित गावांच्या नोंदी गोळा करण्याचे काम २०५९ मध्ये करता येणार नाही. ते आज, ग्रंथालयांनी, महाविद्यालयांनी आणि कुटुंबांनी मिळून हाती घ्यायला हवे.